ड्रेप की बांधीव? जुन्या सिनेमातला ब्रिटिश सूट निवडताना

कोट अंगात घाला, बटण लावा आणि रिक्षा थांबवायला उचलतो तसा उजवा हात वर करा. कॉलर मानेपासून सुटली, अख्खा कोट हाताबरोबर वर सरकला, तर कोट मुंढ्यात, म्हणजे बाही जोडतात त्या काखेतल्या गोलात, चुकलाय. मग कापड कितीही भारी असो. कॉलर मानेला धरून राहिली आणि फक्त बाही वर गेली, तर शिवणाऱ्याचा हात तयार आहे. १९३०च्या दशकातले नट पडद्यावर नाचताना, जिना उतरताना, खुर्चीत रेलून बसताना इतके निवांत का दिसतात, याचं निम्मं उत्तर या हात वर करण्यात आहे.

लीड्सला एम.एस्सी. संपवून माझा भाचा मागच्या हिवाळ्यात लंडनला माझ्याकडे राहायला आला. लग्न ठरलेलं, रिसेप्शन पुण्यात. "मामा, मला जुन्या इंग्लिश पिक्चरमधल्यासारखा सूट शिवायचाय," म्हणाला आणि फोनमधले दोन फोटो दाखवले. एक हॉलीवूडच्या नाचणाऱ्या नटाचा, फ्रेड अस्टेअरचा, दुसरा तिथल्याच ग्रेगरी पेकचा. त्याच्या लेखी दोन्ही एकाच जातीचे होते. पण ते दोन सूट दोन वेगळ्या विचारांतून आलेत. दोन्ही लंडनचेच. एक निवडला की दुसऱ्यातल्या बऱ्याच गोष्टी आपोआप सुटतात. तेव्हा कापड, रंग, लॅपलची (छातीवर उलटी वळवलेल्या पट्टीची) रुंदी यांच्याआधी हे ठरवायला हवं: खांदा मऊ हवा की कडक?

मी पुण्यात वाढलो. लॉ कॉलेज रोडवरच्या फिल्म अर्काइव्हमध्ये जुने सिनेमे बघायला लागलो आणि तिथूनच हे वेड लागलं. गेली बरीच वर्षं मी लंडनमध्ये हे कोट आतून-बाहेरून बघतोय, हाताळतोय, काही घालतोयही. त्या जोरावर हे लिहितो.

सैल छातीचा कोट

लंडनच्या मेफेअर भागातला सॅव्हिल रो हा रस्ता टोकापासून टोकापर्यंत चालायला पाच मिनिटं लागत नाहीत. हेन्री पूल या शिंप्याने १८४६ साली आपल्या दुकानाचा दरवाजा या रस्त्यावर उघडला आणि हळूहळू हा रस्ता शिंप्यांचाच झाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे फ्रेडरिक शोल्टे नावाचा एक डच कटर, म्हणजे कापड बेतून कापणारा कारागीर, होता. राजाच्या गार्ड पलटणीतले अधिकारी थंडीत जाड, लांब ओव्हरकोट घालत आणि कमरेला पट्टा आवळत. पट्ट्याच्या वरचं कापड छातीवर आणि पाठीवर उभ्या, मऊ घड्या घेऊन पडायचं. त्यामुळे छाती भरलेली आणि कंबर बारीक दिसायची. शोल्टेने ते हेरलं आणि रोजच्या कोटात आणलं. छातीला आणि पाठीला, बाहीच्या अगदी जवळ, थोडं जास्तीचं कापड सोडायचं, खांद्यात भर जवळजवळ घालायचीच नाही, मुंढा लहान आणि काखेच्या अगदी जवळ ठेवायचा, कंबर मात्र घ्यायची. यालाच लंडन ड्रेप म्हणतात.

पुढे ड्यूक ऑफ विंडसर झालेल्या युवराजाने १९१९ ते १९५९ अशी चाळीस वर्षं आपले कोट शोल्टेच्या दुकानातून शिवून घेतले. पँटी मात्र त्याला अमेरिकन पद्धतीच्या आवडत, त्या तो न्यूयॉर्कहून शिवून आणायचा. शोल्टेच्या हाताखाली तयार झालेला पेर अँडरसन हा स्वीडिश कटर. त्याच्या नावाचं दुकान १९०६ साली सॅव्हिल रोवर सुरू झालं आणि पुढे अँडरसन अँड शेपर्ड झालं. २००५पासून ते शेजारच्या ओल्ड बर्लिंग्टन स्ट्रीटवर आहे. रुडॉल्फ व्हॅलेंटिनो, गॅरी कूपर आणि फ्रेड अस्टेअर हे सगळे त्यांचं गिऱ्हाईक. अस्टेअरबद्दल अशी गोष्ट सांगतात की ट्रायलला आला की तो खोलीतला गालिचा बाजूला गुंडाळायचा, आरशासमोर चार पावलं नाचायचा आणि कॉलर मानेवरून हलली का ते बघायचा. नवा सूट आला की तो भिंतीवर फेकायचा म्हणे, अंगातला ताठपणा जावा म्हणून. गोष्टी शंभर टक्के अशाच घडल्या असतील-नसतील, पण ड्रेप कोटाकडून काय मागायचं ते त्यातून नेमकं कळतं.

पडद्यावर अस्टेअर वळतो तेव्हा बघा. अंग आधी वळतं, कोट क्षणभराने मागून येतो. काखेच्या पुढे एक-दोन उभ्या घड्या पडतात आणि हात वर गेला की त्या उलगडतात. ते जास्तीचं कापड तिथे याच कामासाठी असतं.

घोडेस्वाराचा कोट

दुसरा फोटो ग्रेगरी पेकचा. पेक हंट्समनचं गिऱ्हाईक. ही पेढी १८४९ची, १९१९पासून ११, सॅव्हिल रो हा तिचा पत्ता. सुरुवात घोड्यावर बसायच्या ब्रीचेसपासून आणि शिकारीच्या कपड्यांपासून झाली, आणि तो वारसा त्यांच्या साध्या सुटातही उतरलाय. घोडेस्वाराचा कोट खोगिरावर नीट पसरला पाहिजे, म्हणून कमरेखालचा घेर थोडा लांब आणि उमलता. कंबर वर घेतलेली. समोर एकच बटण, ते बरोबर कमरेच्या वळणावर. खांदा सरळ, टोकाशी धार असलेला. यालाच मी बांधीव कोट म्हणतो. कॉलिन हॅमिक या त्यांच्या मुख्य कटरने या कोटाला आजची रेघ दिली.

पेक चांगला सहा फूट तीन इंच. तो उभा राहिला की कोटाची रेघ खांद्यापासून खालपर्यंत एका दमात उतरते. छातीवर घडी नाही, सुरकुती नाही. तो बोलताना हात हलवतो, पण कोट जागचा हलत नाही. वाड्याच्या दगडी दरवाजासारखा तो कोट उभा असतो आणि माणूस त्यात सुरक्षित असतो. वकील, सेनापती, मंत्री अशा भूमिकांना हा कोट का शोभतो ते वेगळं सांगायला नको. २०१४ सालच्या 'किंग्समन'मधलं शिंप्याचं दुकान बघून ज्यांना हा नाद लागलाय त्यांच्यासाठी: ते चित्रण हंट्समनच्या दुकानातच झालं. म्हणजे तुमच्या मनातला सूट या दुसऱ्या घराण्याचा आहे.

उंचीवरून कुणी निवड करू नये, एवढं इथेच सांगतो. गॅरी कूपरही पेकएवढाच उंच होता आणि तो आयुष्यभर ड्रेपमध्ये देखणा दिसला.

आतलं बघा

दोन्ही कोटांतला फरक बाहेरून सांगता येतो, पण पटतो तो आतून. कुठलाही कोट हातात घ्या. समोरच्या सगळ्यात खालच्या काजाच्या थोडं खाली कापड चिमटीत धरा. एका चिमटीत बाहेरचं कापड, दुसऱ्या चिमटीत आतलं, आणि दोन्ही हलकेच वेगळे ओढा. मध्ये तिसरा थर सरकताना बोटांना लागला तर तो सुटा कॅनव्हास आहे, हाताने टाके घालून बसवलेला. तिसरा थर लागलाच नाही आणि बाहेरचं कापड जाड, पुठ्ठ्यासारखं वाटलं, तर आत बकरम गोंदाने चिकटवलाय. याला फ्यूजिंग म्हणतात.

माझा पहिला सूट मी पुण्यातच एका मोठ्या दुकानात शिवला होता. पहिल्या दिवशी छान दिसला. दुसरा पावसाळा संपला तेव्हा छातीवर, डाव्या लॅपलच्या खाली, बोटाच्या पेरापेराएवढे फुगे आले. दमटपणा आणि इस्त्री यांनी गोंद सुटला होता. दुकानात घेऊन गेलो, त्यांनी परत इस्त्री फिरवून दाबलं, आठ दिवसांत फुगे परत आले. फ्यूजिंग एकदा सुटलं की त्यावर इलाज नाही. तेव्हा ड्रेप घ्या नाहीतर बांधीव घ्या, कॅनव्हास सुटाच हवा.

या कॅनव्हासमध्येच दोन घराणी वेगळी होतात. ड्रेप कोटात कॅनव्हास हलका असतो आणि छातीचा भाग तिरप्या धाग्यात कापतात, म्हणजे तो अंगाबरोबर वाकतो. खांद्यात कापसाचा एखादा पातळ थर, बस. बांधीव कोटात छातीला घोड्याच्या केसांचं ताठ कापड, कधी त्यावर आणखी एक थर, खांद्याला घट्ट पॅड, आणि बाही खांद्याला जोडते तिथे भर घालून दोरीसारखा उंचवटा काढलेला. लॅपलच्या मागे मात्र दोन्हीकडे शेकडो बारीक टाके असतात. प्रत्येक टाका घालताना कारागीर लॅपल बोटावर वळवून धरतो आणि ते वळण टाक्यात कायमचं पकडलं जातं. म्हणून चांगल्या कोटाची लॅपल बटणाकडे जाताना पानाच्या देठासारखी वळते. इस्त्रीने घडी घालून ते वळण आणता येत नाही.

आणि मुंढा. तो दोन्ही घराण्यांत लहान आणि वर असतो, हे लोकांना खरं वाटत नाही. काखेत जागा जास्त असली की हात मोकळा राहील असं आपल्याला वाटतं. होतं उलटं. मुंढा खाली उतरला की बाही कोटाच्या धडाला खाली जोडली जाते आणि हात उचलला की धडही वर येतं. तयार कपड्यांत मुंढा मोठा ठेवतात, कारण एका मापात वेगवेगळ्या अंगाची माणसं बसवायची असतात. जुन्या सिनेमातला डौल आजच्या दुकानातल्या कोटात सापडत नाही, त्याचं माझ्या मते हे पहिलं कारण आहे. शिंप्याकडे गेल्यावर "स्लिम फिट" म्हणू नका. "मुंढा वर घ्या," म्हणा.

कुणी कुठला घ्यावा

आता खरी निवड. खांदे उतरते असतील तर निव्वळ ड्रेप तो उतार जसाच्या तसा दाखवतो. ज्याला आपल्या खांद्यांबद्दल काही वाटत नाही त्याला त्यात सुंदर, सहज रेघ मिळते. पण दिवसभर संगणकासमोर बसून खांदे पुढे आणि खाली आलेत, त्यामुळे खचल्यासारखं दिसतं, असं ज्याला वाटतं त्याने थोडा बांधीव खांदा घ्यावा. कोट त्याला सरळ उभं करतो, आणि माणूस स्वतःही मग थोडा सरळ उभा राहतो.

छाती बारीक असेल तर ड्रेप. यात मला शंका नाही. अस्टेअर हाडकुळाच होता, छातीवरच्या त्या जास्तीच्या कापडाने त्याला अंग दिलं. व्यायामाने कमावलेली छाती असेल तर ड्रेपमध्ये भरावर भर होतो आणि काखेशी कापड गोळा झाल्यासारखं दिसतं. तिथे बांधीव, स्वच्छ छातीचा कोट बरा.

पोट सुटलेल्यांना सहसा सांगतात की कंबर घेतलेला कोट घाला, बारीक दिसाल. माझा अनुभव वेगळा आहे. कंबर फार आवळली की बटणापासून चारी बाजूंना फुलीसारख्या वळ्या पडतात आणि नजर नेमकी पोटावर जाते. ड्रेपची कंबर सैलसर ठेवून, छातीवरून कापड सरळ खाली पडू दिलं तर पोट त्यात विरघळतं. बांधीवच हवा असेल तर एका बटणाचा घ्या, म्हणजे बटणाखाली कोट लगेच दोन्हीकडे उघडतो.

उंची कमी असेल तर हंट्समनची लांबी टाळा. लांब, उमलता घेर पाय आखूड दाखवतो. खांदा बांधीव ठेवून लांबी कमी करता येते, पण कटरला तसं बजावून सांगावं लागतं, कारण तो त्याच्या घराण्याच्या प्रमाणात कापायला लागतो.

एक मुद्दा आपल्याकडच्या लग्नांचा. रिसेप्शनमध्ये नवरदेव दोन-अडीच तास स्टेजवर उभा असतो. पाहुणे रांगेने येतात, आहेर देतात, हात मिळवतात, फोटो निघतो, पुढचे येतात. ड्रेपचं सौंदर्य हालचालीत आहे. स्थिर फोटोत काखेजवळच्या घड्या ज्याला माहीत नाही त्याला फिटिंगची चूक वाटते, आणि अल्बम बघताना घरातलं कुणीतरी ते बोलून दाखवणारच. बांधीव कोट फोटोत पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखा दिसतो. पण संगीताच्या रात्री नाचायचं असेल, नंतर हा सूट ऑफिसात, प्रवासात, वर्षातून तीस-चाळीस वेळा घालायचा असेल, तर ड्रेपसारखं सुख नाही. स्टेजच्या दिव्यांचा उकाडाही धरा. ड्रेपच्या आत थर कमी, म्हणून तो कमी तापतो.

मधली वाट

सॅव्हिल रो उत्तरेला कॉन्डिट स्ट्रीटला मिळतो. तिथे अँथनी सिंक्लेअर नावाचा शिंपी बसायचा. त्याची गिऱ्हाईकं बरीचशी गार्ड पलटणीतले अधिकारी. १९६२च्या 'डॉ. नो'चा दिग्दर्शक टेरेन्स यंग स्वतः गार्ड्समध्ये होता आणि सिंक्लेअर त्याचा शिंपी होता. बाँडच्या भूमिकेसाठी शॉन कॉनरी ठरला तेव्हा यंग त्याला आपल्या या शिंप्याकडे घेऊन गेला, आणि शर्टांसाठी जर्मिन स्ट्रीटवरच्या टर्नबुल अँड ॲसरकडे. सूट अंगाचाच भाग वाटावा म्हणून यंगने कॉनरीला तो घालून झोपायला लावलं, असं सांगतात. सिंक्लेअरचा कॉन्डिट कट म्हणजे दोन्ही घराण्यांचा समेट. खांदा मऊ, बाहीच्या टोकाशी किंचित उठाव, छातीत थोडी भर पण घड्या दिसणार नाहीत इतपतच, कंबर नीट घेतलेली, दोन बटणं, अरुंद लॅपल. रंग राखाडी नाहीतर गडद निळा. त्या सुटात लक्ष वेधून घेणारं एकही अंग नाही, तरी खोलीत नजर त्याच माणसाकडे जाते.

याच वळणाचा दुसरा मोठा कारागीर डग्लस हेवर्ड, माउंट स्ट्रीटवरचा. १९६८च्या 'द थॉमस क्राउन अफेअर'मधले स्टीव्ह मॅक्वीनचे थ्री-पीस त्याचे. १९६९च्या 'द इटालियन जॉब'मध्ये मायकेल केनचे सूट त्याचेच. ज्यांना ड्रेप फार सैल आणि हंट्समन फार करारी वाटतो, त्यांनी साठीच्या दशकातल्या या दोघांचे कोट नीट बघावेत.

किल्गोर, फ्रेंच अँड स्टॅनबरीचा उल्लेख कॅरी ग्रँटसाठी करायला हवा. ब्रिस्टलचा हा मुलगा, बाप कपड्यांच्या कारखान्यात इस्त्रीवाला, आणि पुढे तो स्वतः सॅव्हिल रोच्या या पेढीचं गिऱ्हाईक झाला. सुटावर इतकी बारीक नजर ठेवणारा नट दुसरा झाला नसेल.

टॉमी नटर हा वेगळा विषय. १४ फेब्रुवारी १९६९ला त्याने सॅव्हिल रोवर दुकान उघडलं. रुंद लॅपल, धारदार खांदा, आणि आत एडवर्ड सेक्स्टनसारख्या तयार कटरचं काम. बीटल्सच्या 'ॲबी रोड' या अल्बमच्या मुखपृष्ठावर चौघांपैकी तिघांच्या अंगात नटरचे सूट आहेत. मला तो मनापासून आवडतो, पण पहिला आणि एकुलता एक सूट शिवणाऱ्याला मी तो सांगणार नाही.

कापडाचं वजन

जुन्या सिनेमात पँट कमरेपासून बुटापर्यंत एका सरळ धारेत पडते आणि आपली गुडघ्याशी चुरगळते, ती शिलाईमुळे नाही, वजनामुळे. तेव्हा १६-१८ औंसाचं कापड सर्रास वापरत. औंस म्हणजे एका वार लांबीच्या कापडाचं वजन, एक औंस म्हणजे मीटरमागे साधारण ३१ ग्रॅम. सोळा औंसाचं कापड मीटरला जवळजवळ अर्धा किलो भरतं. आज दुकानात मिळतं ते बहुतेक आठ-नऊ औंस, म्हणजे २५०-२८० ग्रॅम. इतकं हलकं कापड अंगावर पडत नाही, चिकटतं.

पुण्या-मुंबईत सोळा औंस घालणं शक्य नाही, हे उघड आहे. पण हलकं कापड हाच एक उपाय नाही. विरळ विणीचं, खूप पीळ दिलेल्या धाग्याचं लोकरी कापड घ्या. फ्रेस्को हे त्यातलं १९०७पासूनचं नाव. उजेडासमोर धरलं तर आरपार दिसतं, वारा खेळतो, आणि पीळ असल्यामुळे चुरगळत नाही. १०-११ औंसाचं असं कापड पुण्यात डिसेंबर-जानेवारीत आरामात चालतं आणि पडतंही जुन्या सिनेमासारखं. ड्रेपला तर वजन हवंच. फार पातळ कापडाच्या ड्रेपमध्ये छातीवरच्या घड्या मरगळलेल्या दिसतात. बांधीव कोट आतल्या कॅनव्हासवर उभा असतो, तो थोडं हलकं कापड सोसतो.

ब्लेंडेड कापडाच्या वाटेला जाऊ नका. सगळी लोकर घ्या. ठाण्यात १९२५ साली सुरू झालेल्या रेमंडसकट आपल्याकडे चांगली लोकर विणणारे आहेत, इंग्लंडचंच कापड हवं असं काही नाही.

पँटीबद्दल थोडक्यात, कारण त्यात घराण्यांचा वाद नाही. कंबर बेंबीजवळ हवी. तिथे नसेल तर कोटाच्या बटणाखाली शर्टाचा पांढरा त्रिकोण दिसतो, आणि जुन्या सिनेमात तो तुम्हाला कुठेही दिसणार नाही. पट्टा नको. गॅलिस लावा, नाहीतर बाजूला बटणाने आवळायच्या पट्ट्या घ्या. पुढे एक-दोन चुण्या.

कुठून मिळवायचा

लंडनमध्ये अंगावर कापून शिवलेला, म्हणजे बिस्पोक, दोन कपड्यांचा सूट आज पाच हजार पौंडांच्या वरच जातो, तीन तरी ट्रायल होतात आणि काही महिने लागतात. २००४ साली स्थापन झालेल्या सॅव्हिल रो बिस्पोक असोसिएशनच्या नियमानुसार अशा सुटात किमान पन्नास तासांचं हातकाम असावं लागतं. मात्र 'बिस्पोक' हा शब्द कायद्याने राखलेला नाही. जाहिरातींवर देखरेख ठेवणाऱ्या ब्रिटिश संस्थेने २००८ साली, यंत्रावर कापलेल्या मापाच्या सुटालाही हा शब्द वापरायला मोकळीक दिली. तेव्हा पाटीवर जाऊ नका. दोन प्रश्न विचारा: माझा स्वतःचा कागदी साचा कापणार का? कच्च्या टाक्यांवर ट्रायल देणार का? दोन्हींना हो आलं तरच ते बिस्पोक.

पैसे पुरत नसतील तर वाईट वाटून घेऊ नये. जुन्या सिनेमातला ब्रिटिश सूट श्रीमंतांचाच होता असं नाही. माझा भाचा शिकला त्या लीड्समध्ये हडसन रोडवर माँटेग्यू बर्टनचा कारखाना होता, ऐन भरात कामगार दहा हजारांच्या घरात. गावोगावच्या दुकानांत मापं घ्यायची, लीड्सला शिवायचं, परत पाठवायचं. शनिवारी सिनेमाला जाणारा कामगार त्यातलाच सूट घालून जायचा. आजचा मेड-टू-मेजर, म्हणजे तयार साचा मापाप्रमाणे बदलून शिवलेला सूट, हा त्याचा वारस. पण त्यात खांदा आणि मुंढा ठरलेल्या साच्याचा असतो, त्यामुळे खरा ड्रेप जवळजवळ मिळत नाही, बांधीवाच्या जवळपास जाता येतं.

जुना, वापरलेला सूट ही इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांसाठी सगळ्यात चांगली वाट. लंडनच्या शिंप्यांनी शिवलेल्या कोटाच्या आतल्या खिशात लेबल असतं, त्यावर गिऱ्हाईकाचं नाव आणि तारीख शाईने लिहिलेली. पहिल्यांदा असं लेबल बघितलं तेव्हा मी कितीतरी वेळ ते अक्षर बघत बसलो होतो. तारीख १९४२-४३ची असेल तर लक्षात घ्या की युद्धकाळात कापड वाचवण्यासाठी डबल-ब्रेस्टेड कोटांवर आणि पँटीच्या पायाच्या दुमडीवर बंदी होती, सूट तसाच आखडता असणार. विकत घेताना आधी खांदा घालून बघा, कारण खांदा नंतर दुरुस्त होत नाही. मग आतल्या शिवणी उघडून बघा. आपले शिंपी शिवणीत सोडलेल्या जास्तीच्या कापडाला माया म्हणतात. चांगल्या कोटात माया भरपूर सोडलेली असते, म्हणून तो दोन इंच उसवून वाढवता येतो. २०१८ साली धाकट्या मुलाच्या लग्नात आताचे राजे चार्ल्स यांनी जो मॉर्निंग कोट घातला, तो अँडरसन अँड शेपर्डने १९८४ साली शिवलेला होता. चौतीस वर्षं.

भाच्याने शेवटी पुण्यातच शिवला. सुटा कॅनव्हास हाताने बसवणारा आणि तीन ट्रायल द्यायला तयार असलेला एक मास्तर आम्ही शोधून काढला. खांदा मऊ, छातीत ड्रेप पण आवरलेला, दोन बटणं, साडेदहा औंसाचं गडद निळं फ्रेस्को. स्टेजवरच्या दोन तासांसाठी बाहीच्या टोकाशी थोडा उठाव. दुसऱ्या ट्रायलला कोट पांढऱ्या कच्च्या टाक्यांनी भरलेला होता, एकच बाही लावलेली. त्याने आरशासमोर हात वर केला. "मामा, बघ, कॉलर हलली नाही." मास्तर मात्र कॉलरकडे बघत नव्हते. ते मागे उभे राहून दोन्ही खांद्यांवर तळवे ठेवून होते. "डावा पाव इंच उतरलाय. लॅपटॉपची बॅग याच खांद्यावर घेता का?" त्यांनी डाव्या खांद्यावर खडूची रेघ मारली, शिवण उसवली, कापसाचा एक पातळ पदर आत सरकवला आणि परत कच्चा टाका घातला.